देवळात वाढलेला पंडित: विझार्डची बॅकस्टोरी जमेना, हात द्या

रंकाळवेस
मंडळी, राजारामपुरीत आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवत खेळायचा गोष्टीचा खेळ) नवा डाव बसतोय. नियम २०१४ च्या पुस्तकाचे. डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) रविवारच्या आत प्रत्येकाकडून एक पान बॅकस्टोरी (पात्राची पूर्वकथा) मागवलीय. माझा विझार्ड (वहीतून मंत्र शिकणारा जादूगार) आहे, माणूसच, वय एकोणीस, नाव भानू. डीएमच्या जगात संगमावर एक मोठं शहर आहे आणि तिथं उजळाई नावाच्या देवीचं जुनं देऊळ. भानू त्या देवळात वाढलेला, विद्वान. आत्तापर्यंत एवढं लिहिलंय:

वादळी रात्री कुणीतरी तान्हं बाळ देवळाच्या पायरीवर ठेवून गेलं. मुख्य पुजाऱ्यानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्यानं देवळातली सगळी पुस्तकं वाचून काढली. मग राक्षसांनी देऊळ जाळलं, गुरू गेले, आणि आता भानू सूड घ्यायला निघालाय.

वाचायला बरं वाटतं, पण अळणी आहे. काय करू?

तांबडापांढरा
पायरीवरचं बाळ! मर्दा, या खेळातल्या आया पोरं दुसरीकडं कुठं ठेवतच न्हाईत काय?

वाड्यावरचा_डीएम
बाळ राहू दे, पण देऊळ जाळू नकोस. चवीचं नाही, नियमाचं बोलतोय.

२०१४ च्या पुस्तकात तुझ्या कामाच्या दोन बॅकग्राउंड (पात्राचा आधीचा पेशा) आहेत. अ‍ॅकोलाइट (देवळातला सेवेकरी) घेतलीस तर इनसाइट (माणूस ओळखणं) आणि रिलिजन (धर्म) ही स्किल्स, दोन भाषा, आणि 'शेल्टर ऑफ द फेथफुल' हे फीचर (खास सवलत). म्हणजे तुझ्या देवाच्या ठाण्यावर तुला औषधपाणी फुकट, पोट भरेल एवढी सोय, आणि स्वतःच्या देवळातले पुजारी जिवावर बेतणार नाही इतपत मदत करणार. देऊळ पहिल्याच पानात जाळलंस तर त्यातला सगळ्यात उपयोगी भाग तूच राखेत घातलास.

सेज (विद्वान) घेतलीस तर अर्काना (जादूविद्या) आणि हिस्टरी, दोन भाषा, आणि 'रिसर्चर'. एखादी गोष्ट माहीत नसली तरी ती कुठं आणि कुणाकडं मिळेल हे तुला माहीत असतं. सेजच्या सामानात एक वस्तू आहे जी लोक वाचतच नाहीत: मेलेल्या सहकाऱ्याचं पत्र, त्यात एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुला अजून सापडलेलं नाही. शाईची बाटली, पीस, छोटी सुरी हे सगळे लिहून घेतात. पत्र मात्र शीटवर (पात्राच्या कागदावर) पडून राहतं. राक्षस सोड, ते पत्र लिही.

तिसरी वाट म्हणजे २०१५ च्या स्वोर्ड कोस्टच्या पुरवणीतली क्लॉइस्टर्ड स्कॉलर (मठातला विद्वान). हिस्टरी, आणि अर्काना, नेचर, रिलिजन यांपैकी एक. तिच्या सामानात उसनं आणलेलं पुस्तक असतं. उसनं! म्हणजे कुणाचं तरी आहे, परत द्यायचंय. मला तर यातच अर्धी गोष्ट दिसते.

शिवाय २०१४ मध्ये बॅकग्राउंड बदलून घ्यायची मुभा आहेच. दोन स्किल्स आपल्या आवडीची, फीचर दुसऱ्या बॅकग्राउंडचं. डीएमशी बोल.

रंकाळवेस
मग क्लेरिकच (देवाकडून जादू मिळणारा पुजारी) घेऊ का? नॉलेज डोमेन (ज्ञानाची शाखा). दोन भाषा मिळतात आणि दोन ज्ञानाच्या स्किल्सना प्रोफिशियन्सी (कौशल्याचा वाढीव गुण) दुप्पट.

वाड्यावरचा_डीएम
आकडे भारी आहेत. पण देवळात वाढलेला आणि देवानं काहीच न दिलेला विझार्ड मला जास्त आवडेल. आजूबाजूच्या पोरांच्या हातात देवीचा उजेड येतो, याला येत नाही. म्हणून हा वह्यांकडं वळला.

मोडीवाली
"देवळातली सगळी पुस्तकं वाचून काढली" इथं मी अडकले. देऊळ म्हणजे वाचनालय नव्हे रे. कुठल्या देवळानं पोरासोरांना पोथ्या अशा हाताळू दिल्या?

मी पुरालेखागारात मोडी वाचायला बसते, त्यामुळं थोडं सांगते. देवस्थान म्हणजे आधी हिशेब. आज समईला तेल किती, नैवेद्याला तांदूळ किती, नगारखान्यात कोण आलं नाही, कुणाची पाळी कुणी घेतली, इनामाच्या जमिनीचा वसूल कधी यायचाय. हे सगळं रोजकीर्दीत उतरतं, आणि ते कागद रुमालात बांधून फडताळात जातात. शंभर वर्षांनी कुणीतरी रुमाल सोडतं आणि धुळीनं शिंकतं. देवळात वाढलेला हुशार पोरगा पहिल्यांदा काय लिहील? स्तोत्र नाही. तेलाचा हिशेब लिहील. त्यातून तो अक्षर घोटेल, बेरीज शिकेल, आणि कोण चोरी करतंय तेही त्यालाच आधी कळेल.

मग पोथी. पोथी सुटी पानांची असते, वरखाली लाकडी फळ्या, भोवती कापड. बोरूनं लिहायची, शाई काजळ आणि डिंक घोटून केलेली. अक्षर चुकलं तर खोडत नाहीत. त्यावर हरताळाचा पिवळा लेप देतात, सुकला की त्याच्यावर पुन्हा लिहितात. आणि नकल करणारा माणूस ३२ अक्षरं म्हणजे एक ग्रंथ या मापानं लांबी मोजतो, मजुरीही त्यावरच ठरते. तुझा भानू 'वाचणारा' नको करू, 'उतरवून घेणारा' कर. वाचायची परवानगी नसलेलं पानही उतरवताना डोळ्याखालून जातंच की.

शेवटच्या पानावर लेखनिक काय लिहायचे ते बघ:

भग्नपृष्ठकटिग्रीवा बद्धमुष्टिरधोमुखम् ।
कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत् ॥

पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, मूठ आवळून, मान खाली घालून कष्टानं हे लिहिलंय, जपा. आणि आणखी एक: पोथी म्हणते मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. एकोणिसाव्या वर्षी पाठीला बाक आलेला, कंदिलाचं तेल जवळ आलं की दचकणारा, पार्टीतल्या (सोबतच्या टोळीतल्या) बार्बेरियनला (आडदांड लढवय्याला) वहीला हात लावू न देणारा विझार्ड. घे, स्वभावाचे दोन मुद्दे फुकट.

तांबडापांढरा
माझा बार्बेरियन असता तर पहिल्याच रात्री त्या फळ्यांवर मटण चिरलं असतं.

मोडीवाली
म्हणूनच तो श्लोक आहे.

सीमाभागकर
उदाहरण परगावातून आणायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. शिलाहार भोज दुसऱ्याच्या काळात, १२०५ मध्ये, सोमदेव नावाच्या जैन मुनींनी आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ पुरा केला. संस्कृत व्याकरण! आजरा म्हटलं की लोकांना घनसाळ तांदूळ आठवतो.

खुद्द कोल्हापुरात रूपनारायण बसदीत (जैन मंदिरात) माघनंदी सैद्धांतिक होते, त्यांचे शिष्य इथून पुढं ठिकठिकाणी गेले. म्हणजे या देवळात शिकलेला पोरगा त्या देवळाचा आचार्य, असं जाळंच होतं. शुक्रवार पेठेतला जैन मठ आजही आहे. कुंभोजजवळच्या बाहुबलीला १९३४ पासून गुरुकुल आहे, तिथं वाढलेली माणसं तुम्हाला बाजारात, बँकेत कुठंही भेटतील.

भानूच्या देवळाला एकटं ठेवू नकोस एवढंच म्हणणं. दुसऱ्या गावचं देऊळ, तिथं त्याचा गुरुबंधू, दोघांत ग्रंथाची देवघेव, आणि एक जुना वाद. डीएमला आयतं खाद्य.

पंचगंगाकाठ
सगळं बरोबर आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. भानूला शिकायचा हक्क कुणी दिला? पायरीवरचं बाळ, जात-कूळ ठाऊक नाही. कोल्हापूरच्या माणसानं तरी हा प्रश्न सोडू नये.

वेदोक्त प्रकरण १८९९ मध्ये पंचगंगेच्या काठावरच सुरू झालं. शाहू महाराज कार्तिकस्नानाला जायचे आणि भटजी त्यांच्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हणायचे, कारण वेदोक्ताचा अधिकार नाही म्हणे. राजाला नाही! पुढं राजोपाध्यांचं इनाम गेलं. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग (वसतिगृहं), १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग, आणि १९२० मध्ये श्री शिवाजी वैदिक विद्यालय, जिथं ब्राह्मणेतर पोरांना वेदोक्त विधी शिकवले. म्हणजे 'कोण शिकणार' यावरून इथं खरोखर दरबार हलला होता.

तर भानूला मुख्य पुजाऱ्यानं लाडानं शिकवलं हे मला पटत नाही. लाडानं जेवण मिळतं. विद्या मिळाली असेल तर कुणीतरी कुणाशी तरी भांडलेलं आहे.

सुट्टीवरचा
आलं का इथंही? खेळायला बसतो ते हे सगळं विसरायलाच ना. फँटसी आहे, ड्रॅगन आहेत, जात कशाला आणायची?

पंचगंगाकाठ
आपली नावं जशीच्या तशी आणा असं मी म्हटलेलंच नाही. उजळाईच्या देवळात 'दीपघराणी' असतील समज, ज्यांनाच मूळ पोथी उघडता येते. भानू कुठल्याच घराण्यातला नाही. एवढंच. एल्फ आणि ड्वार्फ एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत ते तुम्हाला चालतं की.

सुट्टीवरचा
ते चालतं, खरंय. पण दर सेशनला त्यावर भाषण नको. आमच्या टेबलावर एकानं केलं होतं, निम्मे लोक पुढच्या वेळी आलेच नाहीत.

वाड्यावरचा_डीएम
दोघांचंही ठेवा. घराण्यांचा नियम जगात असू दे, पण सेशन झिरोला (खेळाआधीच्या बैठकीला) सगळ्यांना विचारून घ्या की हे टेबलावर किती यायला हवं. कुणाला त्रास होणार असेल तर तो पडद्यामागं.

वाडीचा_भाचा
संगमावरचं देऊळ म्हणालास आणि पुराचं नावच नाही?

आमच्या नृसिंहवाडीत पावसाळ्यात कृष्णा चढते. पाणी उत्तरेकडनं आत येतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारानं बाहेर पडतं. तोच दक्षिणद्वार सोहळा, लोक त्या पाण्यात स्नानाला उभे असतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजा तिथं सुरू राहते. देऊळ पाण्याखाली, पण नेम चुकत नाही. बाहेरचा माणूस म्हणतो आपत्ती, वाडीचा माणूस म्हणतो सोहळा. २०१९ च्या महापुराला मात्र दोन्ही एकदमच होतं, ते सांगायला नको.

भानूचं लहानपण यातच काढ. पाणी पायरीला लागलं की घंटा, आणि पोरांची रांग. हातोहात पोथ्या वर. आधी काय उचलायचं? देवीचे दागिने की हिशेबाचे रुमाल की पोथ्या? कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आणि एका वर्षी तो क्रम कुणीतरी बदलला.

रंकाळवेस
वाडीच्या पाव्हण्या, हे शेवटचं वाक्य मी ढापतो.

पन्हाळ्याची
मला वाटतं तुम्ही सगळे पुस्तकांच्या मागं लागलाय. देवळात शिकण्यासारखं पुस्तकाबाहेरही असतं. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सवच घ्या. साधारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. कधी ढग येतात, कधी धुकं, कधी वाटेतलं बांधकाम आडवं येतं. मग दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: किरणं अमुकपर्यंत पोचली. मोजमापं घेतली जातात, अडथळे शोधले जातात. आमच्या आजी त्या दिवशी दुपारपासूनच देवळात जाऊन बसायच्या आणि घरी येऊन 'आज गळ्यापर्यंतच' असं अगदी निकाल लागल्यागत सांगायच्या.

भानूचं काम हेच ठेव. उजळाईच्या देवळात दर वर्षी किरणं कुठवर आली याची वही असते, पिढ्यान् पिढ्या. तिला दीपघराण्याचा माणूस हात लावत नाही, कारण ते कारकुनी काम. म्हणून ते अनाथ पोराला दिलं. आणि फक्त त्यालाच दिसतं की दोनशे वर्षांत किरणं हळूहळू सरकत चाललीत. सूर्य हलला, की देऊळ हललं, की मूर्ती?

वाड्यावरचा_डीएम
नाद खुळा. मूर्ती हलली असेल तर त्याखाली काय आहे?

मोडीवाली
आणि वहीतल्या एका वर्षाच्या नोंदीवर हरताळ फासलेला असू दे. लेप देऊन वर पुन्हा लिहिलेलंच नाही. चूक झाली असती तर दुरुस्त केलं असतं. इथं कुणीतरी मुद्दाम कोरं ठेवलंय.

संथावाला
कागद पुसता येतो, तोंडपाठ पुसता येत नाही. लहानपणी थोडी संथा (वेदपठणाचं शिक्षण) घेतली होती म्हणून सांगतो. वेद टिकले ते उलटसुलट म्हणण्यामुळं. समजा तीन शब्द आहेत: सूर्य, उगवला, लाल.

क्रमात: सूर्य उगवला, उगवला लाल.
जटेत: सूर्य उगवला, उगवला सूर्य, सूर्य उगवला. मग पुढची जोडी तशीच.
घनात: सूर्य उगवला, उगवला सूर्य, सूर्य उगवला लाल, लाल उगवला सूर्य, सूर्य उगवला लाल.

असं म्हटल्यावर मधला शब्द कुणी चोरला तर जीभच अडखळते. उजळाईच्या नोंदी कुणीतरी असंच पाठ करत असेल तर? वहीतलं वर्ष हरताळाखाली, पण कुठल्यातरी लांबच्या गावात एक म्हातारा आहे, घनपाठी, त्याच्या तोंडात ते वर्ष अजून आहे. पार्टीला त्याला जिवंत गाठायचंय. टेबलावर कोडं म्हणूनही चालेल: डीएमनं बिघडवलेला घन वाचायचा, कुठला शब्द बदलला ते खेळाडूंनी ओळखायचं. फासे न टाकता.

तांबडापांढरा
म्हातारा बहिरा पायजे. ओरडून विचारायला लागलं पायजे, आणि शत्रूला ऐकू गेलं पायजे.

धनगरी_ढोल
२०२४ च्या नियमांनी खेळत असाल तर अ‍ॅकोलाइटच जमते. मॅजिक इनिशिएट (थोडी जादू देणारी खुबी), क्लेरिकवालं, मिळतं आणि सोबत सुलेखनाचं साहित्य. शिवाय इंटेलिजन्स (बुद्धीचा आकडा) वाढवता येतो, म्हणजे विझार्डला तोटा नाही.

रंकाळवेस
आमचे २०१४ चेच, पण सुलेखनाचं साहित्य मागून बघतो. नवीन पान, जमलंय का बघा:

भानू पायरीवर सापडला नाही. पुराच्या साली उजळाईच्या देवळात आसऱ्याला आलेल्या माणसांत त्याची आई होती. पाणी उतरलं, माणसं गेली, आई तापानं गेली, पोरगं राहिलं. देवळानं त्याला ठेवून घेतलं आणि रोजकीर्दीत लिहिलं: एक मूल, रोज अर्धा शेर तांदूळ. ते पान भानूनं पुढं स्वतः उतरवून काढलं.

त्याला मूळ पोथी उघडायची मनाई होती. गंगूआत्या म्हणून देवळाची जुनी कारकून होती, तिनं दीपघराण्यांशी वाद घालून त्याला नकलनिशी मिळवून दिली: वाचायचं नाही, फक्त उतरवायचं. आत्याकडंच किरणांची वही होती. ती मेल्यावर तिच्या उशीखाली भानूच्या नावाचं पत्र निघालं. एकच ओळ: 'पुराच्या साली आधी पोथ्या का उचलल्या नाहीत?' वहीत हरताळ फासलेलं वर्ष तेच, पुराचं.

त्याच्या विझार्डच्या वहीतले सहाही मंत्र देवळाच्या पोथ्यांतून चोरून उतरवलेले आहेत. देवळाला अजून माहीत नाही. तो देवळातून पळालेला नाही, कामावर गेलाय: दुसऱ्या गावच्या देवळातून एक पोथी उसनी आणायला, अधिकृत चिठ्ठी घेऊन. परत यायची मुदत पुढच्या किरणांपर्यंत.

बॅकग्राउंड सेज, स्किल्स हिस्टरी आणि रिलिजन, फीचर 'शेल्टर ऑफ द फेथफुल'. देऊळ शाबूत.

पंचगंगाकाठ
'एक मूल, रोज अर्धा शेर तांदूळ' वाचून बरं वाटलं. आत्या कुणाशी भांडली त्या माणसाला नाव दे. तो जिवंत पाहिजे.

मोडीवाली
एकच सुचवते. नवीन मंत्र वहीत उतरवायला दर पातळीला दोन तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात ना? मग हा देवळात असताना शाई कुठून आणत होता? तेलाच्या हिशेबात थोडं काजळ कमी पडत असेल. आत्याला माहीत होतं आणि तिनं बेरीज जुळवून घेतली.

रंकाळवेस
ताई, घेतलं.

राजारामपुरीचा_गडी
मी याचाच डीएम. पहिल्यापासून वाचतोय, मुद्दाम गप्प होतो.

सेज मान्य, स्किल बदल मान्य, फीचर मान्य. सुलेखनाचं साहित्य एका भाषेच्या बदल्यात देतो. घनपाठी म्हातारा माझ्या ताब्यात, त्याच्याबद्दल इथून पुढं कुणी काही लिहायचं नाही, नाहीतर खेळात मजा काय राहिली. बहिरा ठेवायचा की नाही तेही मी बघतो. दीपघराण्याच्या माणसाचं नाव मात्र भानूच्या खेळाडूनंच सुचवावं, शनिवारपर्यंत. आणि मुदतीचं गांभीर्यानं घेणार आहे मी. खेळातले दिवस मोजणार. किरणांच्या आत परत आला नाही तर चिठ्ठी रद्द, आणि शेल्टरही गेलं.

तांबडापांढरा
एक जागा हाय काय तुमच्यात? बार्बेरियन आणतो. मटण चिरणार न्हाई.

राजारामपुरीचा_गडी
बार्बेरियन आधीच दोन आहेत. हीलर (जखमा बऱ्या करणारा) आणत असशील तर रविवारी चारला ये.